काढलेली फुली

"मला पत्र्याची शेड नको. स्लॅब टाका," शंकर नाना म्हणाले.

माझ्या जळगावच्या ऑफिसात ते तिसऱ्यांदा आले होते आणि तिसऱ्यांदा हेच सांगत होते. नाना रावेर तालुक्यातले केळीवाले. स्वतःची बाग मोठी, शिवाय आसपासच्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा माल एकत्र करून ते बाहेर पाठवत. त्यासाठी त्यांना पॅक हाऊस बांधायचं होतं. पॅक हाऊस म्हणजे केळीच्या घडाच्या फण्या सोडवायच्या, हौदात धुवायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या आणि खोकी गाडीत चढवायची, ती जागा. तोपर्यंत हे काम बागेतच ताडपत्रीखाली चालायचं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत दिसेल कशी हे आर्किटेक्ट ठरवतो, ती उभी कशी राहील हे माझ्याकडे येतं. तीस वर्षं हेच काम करतो आहे.

"नाना, स्लॅब टाकला तर आत खांब येतील," मी म्हणालो. "हौद कुठे ठेवाल? ट्रॉली कुठून वळेल?"

"खांब चालतील. पण पत्रा म्हंजे उडणारी वस्तू. आमच्याकडचा वारा तुमाले माहीत नाई."

बोलून उपयोग नव्हता. मी त्यांना गाडीत घातलं आणि धुळ्याला नेलं. तिथे बापू नावाचा माझा फॅब्रिकेटर एक शेड उभी करत होता. फॅब्रिकेटर म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे लोखंडाचे भाग कापून, जोडून, साइटवर बसवून देणारा. बापू पक्का धुळ्याचा. गिऱ्हाईक कोणीही असो, बोलणार अहिराणीतच.

"नाना, हाई बठ्ठी शेड पहिले जळगावले व्हती," तो म्हणाला. "नटबोल्ट खोली, ट्रकमा टाकी, आठे उभी करी दिधी."

नानांनी एका खांबाला हात लावला. बोल्ट चाचपून पाहिले. "म्हंजे घर खोलून नेता येते?"

"बिऱ्हाड हलवावं तसं," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मी बोलत राहिलो. चोवीस मीटरची रुंदी मध्ये एकही खांब न घेता झाकता येते. खांब कमी, म्हणून पायाचे खड्डे कमी. त्यांच्या काळ्या मातीत हे महत्त्वाचं होतं, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खाली मुरूम लागेपर्यंत खणत जावं लागतं. सगळे भाग वर्कशॉपमध्ये मापात तयार होतात, साइटवर फक्त जोडायचे. पाणी मारत, स्लॅब पिकायची वाट बघत बसायला नको. पुढे शेड वाढवायची झाली तर शेवटची भिंत सोडवून आणखी दोन गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, जोडता येतात.

"आणि नाना, स्टील एकदम दगा देत नाही," मी म्हणालो. "आधी वाकतं, ताणलं जातं, आवाज करतं. माणसाला बाहेर पडायला वेळ देतं."

हे सगळं खरं आहे. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही. ती खोटी वाटेल अशी नव्हती, अवघडही नव्हती. नुसती राहून गेली. म्हणजे असं मी बरीच वर्षं समजत आलो. खरं तर आपण एखादी वस्तू पटवून देत असतो तेव्हा तिच्या गरजा तोंडावर येत नाहीत.

ती गोष्ट इथे सांगतो. शेड म्हणजे दाराच्या मोठ्या चौकटी एकामागे एक उभ्या केलेल्या असतात. प्रत्येक चौकट रुंदीच्या दिशेने भक्कम असते. पण लांबीच्या दिशेने ढकललं तर सगळ्या चौकटी एकदम एका बाजूला झुकू शकतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींत, दोन खांबांच्या मध्ये, तिरक्या सळ्यांची एक फुली बसवतात. तिला ब्रेसिंग म्हणतात. ती दिसायला किरकोळ असते. बोटाएवढ्या जाडीच्या दोन सळ्या, चार बोल्ट. पण लांबीच्या दिशेने येणारा सगळा वारा तीच पायापर्यंत पोचवते. शेड हलकी असल्यामुळे तर तिच्यावाचून भागतच नाही. स्लॅबची इमारत स्वतःच्या वजनानेही बरंच काही सोसते. स्टीलची इमारत एकमेकांना धरून उभी असते.

नाना तयार झाले. सात आठवड्यांत शेड उभी राहिली. पूजेच्या दिवशी त्यांनी मला सुमन अक्कांची ओळख करून दिली. अक्का पन्नाशीच्या. अडतीस बायकांची टोळी त्यांच्या हाताखाली होती. कोण फण्या सोडवेल, कोण वजनावर बसेल, कोणतं खोकं परत उघडायचं, सगळं त्या बघत. त्या दिवशी त्यांनी शेडभर फिरून एकच विचारलं, "खांबाच्या पायाशी बोल्ट हायेत, त्याइले पाणी लागलं तर चालते का? आमचं काम पाण्याचं हाये."

प्रश्न बरोबर होता. मी बापूला सांगून सगळ्या पायांभोवती काँक्रीटची कड करवून घेतली.

पुढच्या वर्षी नानांचा फोन आला.

"साहेब, माल वाढला. रस्त्याच्या अंगानं दुसऱ्या गाळ्यातून गाडी लावायची हाये. तिथं ती फुली मधी येते. काढली तर चालते का?"

"नुसती काढू नका. तिच्या जागी जाड चौकट बसवावी लागेल. मी ड्रॉइंग पाठवतो, बापू करून देईल."

"कधी?"

"आठ दिवसांत."

ते ड्रॉइंग दोन तासांचं काम होतं. मी केलं नाही. जळगावात एका दवाखान्याच्या इमारतीचं काम चालू होतं, त्यात मी अडकलो होतो. बापूने एकदा आठवण केली. "होतंय," मी म्हणालो. महिना गेला, दुसरा गेला. नानांनी परत विचारलं नाही तेव्हा मला बरंच वाटलं. त्यांनी बेत सोडला असेल असं मी धरून चाललो.

त्यांनी बेत सोडला नव्हता. हंगाम तोंडावर आला, गाड्या रांगेत उभ्या राहायला लागल्या, तेव्हा त्यांनी गावातल्या वेल्डरला बोलावून चार बोल्ट सोडवले. ड्रॉइंग आलं की चौकट बसवू, तोवर तात्पुरतं, असं ठरलं. शेड जागची हलली नाही. पत्रे आणि भिंतीच्या आडव्या पट्ट्या थोडा आधार देतात, त्यामुळे लगेच काही होत नाही. आणि लगेच काही होत नाही म्हणून माणसाला वाटतं की ती वस्तू लागतच नव्हती.

मार्चमध्ये मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर उभा होतो. स्लॅबचं काँक्रीट चालू होतं. ते एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही.

"साहेब, पॅक हाऊसमधून सुमन बोलते. नाना लग्नाला गेले म्हणून तुमाले फोन लावला. शटर अडकून राह्यलं."

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले. अन् दुपारून पत्रा कुरकुर करते. शटरजवळचा खांब मले वाकडा दिसून राह्यला."

"अक्का, उन्हाने लोखंड फुगतं. त्याचा आवाज येतो. मी उद्या शटरवाला पाठवतो."

"खांब पाहून जाता का एक डाव?"

"येतो."

उन्हाने लोखंड फुगतं हे खरं आहे. त्याचा आवाज येतो हेही खरं आहे. पण ते उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं.

शटरवाला दुसऱ्या दिवशी गेला. शटर दोन्ही बाजूंच्या ज्या खोबणीतून वरखाली सरकतं तिला गाइड म्हणतात. एका बाजूची गाइड शटरच्या पट्ट्यांना आवळत होती. त्याने ग्राइंडर लावून तिची आतली कड खालच्या तीनेक फुटांत घासून टाकली, ग्रीस लावलं आणि शटर सरकतं केलं. मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'काम ओके.' मी त्याला अंगठा पाठवला.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. शटर मध्यभागी आहे, आणि डाव्या हाताला दुसरा गाळा दिसतो. तिथे फुली नाही. मोकळ्या जागेतून मागचा ट्रक दिसतो. पाहिलं असतं तर एका नजरेत कळलं असतं.

मेच्या शेवटी वादळ आलं. पुढचं मी नंतर तिथल्या बायकांकडून आणि हमालांकडून ऐकलं, ते असं. दुपारचे चार वाजले होते. पश्चिमेकडून धुळीची भिंत चालून आली, म्हणून त्यांनी शटर खाली ओढलं. दुसऱ्या गाळ्यात गाडी लागली होती, तिच्या कडेने ताडपत्री बांधली. शेडच्या टोकाच्या भिंतीवर वारा आदळायला लागला. पत्र्याचे स्क्रू एकेक करून टकटक सुटायला लागले. कलत्या खांबाने त्याला टेकलेला हौद रेटला आणि त्यातलं पाणी एका बाजूने सांडायला लागलं.

पाणी बघून अक्का ओरडल्या, "हातातलं टाका. बाहेर निघा."

मागच्या दाराशी भरलेली खोकी रचलेली होती. गाडीच्या बाजूने एकेक माणूसच निघू शकत होता. त्यांनी शटर वर घेतलं. ते कंबरेएवढं आलं आणि अडकलं. दोन हमालांनी खाली खांदे लावले. अक्कांनी एका टोकाला स्वतःचा खांदा लावला आणि एकेकीला वाकवून बाहेर ढकललं. नावं घेऊन मोजत होत्या. अडतिसावी बाहेर पडली, हमाल निघाले, आणि अक्का निघणार तेवढ्यात शटर एका बाजूने गाइडमधून बाहेर आलं. जिथे कड घासली होती, त्याच बाजूने. सगळं वजन त्यांच्या उजव्या पायावर बसलं.

हमालांनी परत येऊन पहारीने शटर उचललं आणि त्यांना ओढून काढलं. शेड त्यानंतरही चार-पाच मिनिटं हळूहळू कलत होती. मग थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा झोपल्या होत्या. शेड पडली नव्हती. रस्त्याकडची बाजू लांबीच्या दिशेने कलून, पत्र्यांच्या आधाराने लटकल्यासारखी उभी होती. मागची बाजू, जिथे फुली शाबूत होती, ती जवळपास सरळ. मी लांबूनच ओळंबा, म्हणजे खाली वजन बांधलेली दोरी, धरला. सहा मीटरच्या खांबात पाऊण मीटर कल होता.

मग मी दुसरा गाळा पाहिला.

नाना शेजारी उभे होते. 

"तुमचं ड्रॉइंग येणार होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"मीबी परत विचारलं नाई."

"विचारायचं काम तुमचं नव्हतं, नाना."

त्यांनी मान हलवली. "वादळ मोठं होतं साहेब. असं वादळ दरसाल येत नाई. तुमी रिपोर्टात तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं. दोन पानांचा रिपोर्ट. असामान्य वेगाचा वारा, टोकाच्या भिंतीवर दाब, रस्त्याकडच्या बाजूचं ब्रेसिंग वापरणाऱ्यांनी काढलेलं असल्यामुळे शेड कलली. एकही वाक्य खोटं नव्हतं. 'वापरणाऱ्यांनी काढलेलं' हे शब्द लिहिताना माझा हात थांबला होता, एवढं आठवतं. तरी लिहिले.

अक्कांना जळगावला आणलं होतं. आठव्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. पायाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची सून डबा लावत होती, मला बघून तिने खुर्ची पुढे केली.

"पायात प्लेट टाकली डॉक्टरनं," अक्का म्हणाल्या. "तुमचंच लोखंड हाये म्हणे."

मला हसता आलं नाही. मी जे ठरवून आलो होतो ते सांगून टाकलं. ड्रॉइंग देतो म्हणालो होतो, दिलं नाही. फोन केला तेव्हा यायला हवं होतं, आलो नाही. शटरवाल्याने गाइड घासली ती मी पाठवल्यामुळे घासली. शटर अडकत होतं कारण खांब कलत होता.

त्यांनी ऐकून घेतलं. सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी तुमाले दोन गोष्टी सांगतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "शटर अन् खांब. तुमी एकच आयकली."

"हो."

"सोपी आयकली."

 सुनेने चहा आणला. मी तो घेतला. निघताना अक्कांनी विचारलं, "बाकीच्या बाया कुठी काम करून राह्यल्या? ताडपत्रीखाली?"

"हो, सध्या बागेत."

"मंग शेड लवकर उभी करा. पावसात त्याइचे हाल होतीन."

घरी आल्यावर मी रिपोर्ट परत लिहायला घेतला. या वेळी तो तीन पानांचा झाला. नानांनी फुलीबद्दल कधी विचारलं, मी काय कबूल केलं, किती महिने काही पाठवलं नाही, अक्कांचा फोन, त्यांनी खांबाबद्दल सांगितलेलं, माझं उत्तर, शटरवाल्याचा फोटो. फोटोही जोडला. नानांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"कोणी विचारलं नाई, तर कायले लिहिता हे? तुमचंच नाव खराब होईल."

"झालं तर होऊ दे. फाइलमध्ये खरं कारण असायला पाहिजे."

"माझंबी नाव हाये त्याच्यात."

"तुमचं नाव विचारणारा म्हणून आहे. न सांगणारा म्हणून माझं आहे."

त्यांनी तो रिपोर्ट ठेवून घेतला. त्याचं पुढे फार काही झालं नाही. दोन आर्किटेक्ट्सनी त्यानंतर मला काम दिलं नाही, ते त्याच्यामुळे की आपसूक, हे मला माहीत नाही.

शेडचं सांगायचं तर, बापू सहा माणसं घेऊन आला. क्रेनने एकेक चौकट धरून त्याने सगळी शेड खोलली. खांब आणि वरचे गर्डर तपासले. दोन खांबांचे पाय आणि काही आडव्या पट्ट्या बदलाव्या लागल्या, पत्रे निम्मे गेले. बाकी सगळं लोखंड शाबूत होतं. तेच भाग, तेच पाये. दुसऱ्या गाळ्यात जाड चौकट बसली, तिचं ड्रॉइंग मी त्याच्यासमोर बसून काढलं. चोवीस दिवसांत शेड परत उभी राहिली. काँक्रीटची इमारत अशी कलली असती तर पाडण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि ती अशी कलत, थांबत, चार-पाच मिनिटं देत कलली असती की नाही, हेही सांगता येत नाही. अडतीस बायका आणि ते हमाल धडधाकट बाहेर आले, यात स्टीलचा वाटा आहे. अक्कांचा त्याहून मोठा आहे.

"मटेरियल चांगलंच शे, साहेब," बापू बोल्ट आवळता आवळता म्हणाला. त्याने पुढचा बोल्ट घेतला. चुकलं कोण, ते मला कळलं.

अक्का परत कामावर आल्या, पण काठी घेऊन. आठ-आठ तास उभं राहणं आता त्यांना जमत नाही. त्या वजनाच्या काट्याशी खुर्चीवर बसतात आणि टोळी दुसरी बाई सांभाळते. मी गेलो की चहा मागवतात. माझ्यावर राग दिसत नाही. दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

माझ्या कामात मी दोन बदल केले. शेड ताब्यात देताना आता मालकाला नाही, तर जो माणूस किंवा बाई रोज तिथे उभी असते तिला घेऊन मी शेडभर फिरतो. प्रत्येक फुलीपाशी थांबतो आणि ही काढायची नाही, का काढायची नाही, ते सांगतो. फुलीला लाल रंग लावून घेतो. बापू याला हसतो, पण लावतो.

आणि शटर अडकतंय असा फोन आला की मी शटरवाला पाठवत नाही. ओळंबा घेऊन स्वतः जातो. बहुतेक वेळा शटरच बिघडलेलं असतं. माझी अर्धा दिवस खोटी होते, आणि मी परत येतो.